पाखरांच्या मागावर

पावसाळा सुरू होऊन शिवारात गवत वाढीस लागले, की बीड जिल्ह्यातील घाटनांदूरसारख्या गावी विहिरीवर गेलेल्या मुलांची दृष्टी आपोआप वर जाते. पाण्यावर वाकलेल्या बाभळीच्या फांद्यांना गवताची लांबट घरटी लोंबकळू लागलेली असतात. वारा आला की ती झोके घेतात. परंतु तुटून पडत नाहीत. ही घरटी सुगरण पक्ष्याची. जवळ सुई नाही, दोरा नाही, इवल्याशा चोचीखेरीज दुसरे हत्यार नाही. तरीही एवढे सुबक विणकाम या पाखराला साधते, याचे नवल थोरामोठ्यांनाही वाटते.

सुगरण म्हणजे घरकामात निपुण अशी स्त्री. तेव्हा नावावरून कोणाचाही असा समज व्हावा, की हे घरटे मादी विणीत असेल. वस्तुतः विणकर असतो तो नर. ही गोष्ट जाणत्या लोकांना पुष्कळ आधीपासून ठाऊक होती. परंतु त्यापुढची कोडी कोणी उलगडली नव्हती. एकाच झाडावर काही घरटी पुरी झालेली, तर काही अर्धवट विणून सोडलेली दिसतात, ती का? पहिले घरटे पुरे होताच नर पुन्हा नव्या घरट्याला का आरंभ करतो? या पाखरांचा संसार चालतो तरी कसा? या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही ग्रंथात मिळत नव्हती. ती शोधून काढली एका भारतीय माणसाने. त्याच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती आणि त्या वेळी हाती नोकरीही नव्हती. त्या माणसाचे नाव सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली. पुढे सारे जग त्यांना डॉ. सलीम अली या नावाने ओळखू लागले.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबई येथे झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील वारले व तीन वर्षांचे असताना आईचेही छत्र हरपले. पोरक्या झालेल्या या मुलांना त्यांचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांनी आपल्या खेतवाडीतील घरी आणिले. मामा-मामींना स्वतःचे अपत्य नव्हते. त्यांनी या मुलांना पोटच्या लेकरांप्रमाणे वाढविले. घर मोठे, माणसांनी व मुलांनी गजबजलेले. त्या गलबल्यात आईबापांवाचून वाढणाऱ्या धाकट्या सलीमला कशाचीही उणीव पडू नये, याची काळजी मामा-मामी घेत.

अमिरुद्दीन मामांना शिकारीचा छंद होता. त्यांनी सलीमला हवेच्या दाबावर चालणारी एक लहानशी बंदूक दिली. त्या काळी मुलांनी पाखरे टिपणे यात कोणालाही वावगे वाटत नसे. सलीमही चिमण्यांवर नेम धरू लागला. तो दहा-अकरा वर्षांचा असताना एके दिवशी त्याच्या छऱ्याने एक चिमणी खाली पडली. त्याने ती उचलून हातात घेतली आणि तो थबकला. नेहमीच्या घरचिमणीसारखीच ती दिसत होती. परंतु तिच्या गळ्यावर एक पिवळा ठिपका होता. असली चिमणी त्याने पूर्वी कधी पाहिली नव्हती. ती कोणत्या जातीची असावी?

पुष्कळ मुलांनी अशा वेळी पाखरू टाकून दिले असते व दुसऱ्यावर नेम धरला असता. सलीमने तसे केले नाही. तो चिमणी घेऊन मामांकडे गेला. मामांनाही तिची ओळख पटेना. परंतु ते मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेचे सभासद होते. १८८३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था पशू, पक्षी व वनस्पती यांचा अभ्यास करीत असे. तिचे मानद सचिव मिलार्ड नावाचे एक इंग्रज गृहस्थ होते. मामांनी सलीमला त्यांच्या नावे चिठ्ठी दिली.

हातात कागदाची पुडी, पुडीत ती चिमणी, अशा थाटात हा मुलगा संस्थेच्या कार्यालयात गेला. साहेबाच्या दालनात शिरताना त्याची छाती धडधडत होती. इंग्रजांचे राज्य होते. हिंदी मुलाला साहेबापुढे उभे राहण्याचीही भीती वाटे. परंतु मिलार्डसाहेबांनी त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. ही पिवळ्या कंठाची रानचिमणी आहे, हे त्यांनी पाहताच ओळखले. एवढ्यावरच ते थांबले नाहीत. त्यांनी लाकडी कपाटांचे खण एकामागून एक उघडले व त्यांत पेंढा भरून मांडून ठेविलेले शेकडो पक्षी त्या मुलाला दाखविले. घरचिमणी व रानचिमणी यांत कोणता भेद आहे, हे त्यांनी त्याला नीट समजावून दिले. जाताना वाचावयास पुस्तकेही दिली.

त्या दिवशी सलीमच्या मनात एक नवे दालन उघडले. आपण ज्यांना केवळ पाखरे म्हणत होतो, त्यांच्या इतक्या जाती आहेत, प्रत्येक जातीला स्वतःचे नाव आहे, रूप आहे, रीत आहे, हे पाहून तो थक्क झाला. तो वारंवार संस्थेत जाऊ लागला. मृत पक्ष्याची कातडी अलगद सोलून, ती न कुजता कशी टिकवावी, तिच्यावर स्थळ व दिनांक यांची चिठ्ठी कशी बांधावी, याचे शिक्षण त्याला तेथेच मिळाले. एका चिमणीच्या निमित्ताने त्याचे आयुष्य एका निश्चित दिशेला वळले. कृतज्ञतेने त्यांनी उतारवयात लिहिलेल्या आपल्या आत्मचरित्राला त्या चिमणीच्या पडण्याचेच नाव दिले.

यावरून सलीम हा शाळेत फार हुशार विद्यार्थी असावा, असे कोणास वाटेल. परंतु तसे नव्हते. त्याची प्रकृती नाजूक होती. तेराव्या वर्षाच्या सुमारास त्याला डोकेदुखीने इतके ग्रासले, की हवापालटासाठी त्याला सिंध प्रांतात नातलगांकडे पाठवावे लागले. शाळेत वारंवार खंड पडला. १९१३ साली तो मॅट्रिकची परीक्षा कसाबसा उत्तीर्ण झाला. महाविद्यालयात गेल्यावर गणितासारखे विषय त्याला जड वाटू लागले आणि पहिल्या वर्षानंतर त्याने शिक्षण सोडले.

त्यांच्या घराण्याचा ब्रह्मदेशातील ताव्हॉय येथे खनिजाचा व इमारती लाकडाचा धंदा होता. तो सांभाळण्यासाठी त्यांना तिकडे धाडण्यात आले. धंद्यात त्यांचे मन कितपत रमले असेल, याची कल्पना करता येईल. ताव्हॉयच्या सभोवती घनदाट अरण्य होते. तरुण सलीम अली हिशेबाच्या वह्यांत डोके घालण्याऐवजी पाखरांच्या मागे रानोमाळ हिंडू लागले. धंद्याला त्याचा लाभ झाला नाही; परंतु त्यांच्या डोळ्यांना व कानांना रानाची सवय जडली. १९१७ मध्ये ते मुंबईस परतले. आता पोटापाण्यासाठी काही करणे भाग होते. म्हणून त्यांनी हिशेब व व्यापारी कायदा यांचे शिक्षण घेण्यास आरंभ केला. त्याच वेळी सेंट झेवियर्स महाविद्यालयात ते प्राणिशास्त्राचाही अभ्यास करू लागले. तेथील अध्यापक फादर ब्लॅटर यांनी त्यांच्या मनाचा ओढा ओळखून त्यांना उत्तेजन दिले.

डिसेंबर १९१८ मध्ये त्यांचा विवाह तेहमिना बेगम यांच्याशी झाला. तेहमिनाबाईंचे काही शिक्षण इंग्लंडमध्ये झाले होते. परंतु शहरातील थाटामाटापेक्षा मोकळ्या रानाची त्यांनाही ओढ होती. पतीचे वेड त्यांनी आपले मानले. पुढे सलीम अलींनी जे कष्टाचे प्रवास केले, त्यांत त्या सावलीप्रमाणे बरोबर राहिल्या.

पक्ष्यांचा अभ्यास हाच आपला व्यवसाय व्हावा, अशी सलीम अलींची इच्छा होती. सरकारच्या प्राणिशास्त्रविषयक खात्यात पक्षितज्ज्ञाची एक जागा निघाली, तेव्हा त्यांनी तिच्यासाठी प्रयत्न केला. ज्ञान होते, अनुभव होता. परंतु पदवी नव्हती. ती जागा त्यांना मिळाली नाही. कोणाचेही मन अशा वेळी खचून जावे. सलीम अलींनी मात्र वाट पाहिली. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात त्यांना दरमहा ३५० रुपयांवर मार्गदर्शक व्याख्यात्याचे काम मिळाले. आज हे संग्रहालय छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या नावाने ओळखले जाते. येणाऱ्या प्रेक्षकांना, विशेषतः शाळेतील मुलांना, तेथील प्राण्यांची व पक्ष्यांची माहिती सांगणे हे त्यांचे काम होते.

हे काम करीत असता आपले ज्ञान किती अपुरे आहे, याची जाणीव त्यांना होऊ लागली. म्हणून रजा घेऊन ते जर्मनीस गेले. बर्लिन विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयात एर्विन श्ट्रेझमान हे थोर पक्षितज्ज्ञ होते. हिंदुस्थानातून आलेल्या या अपरिचित तरुणाचे त्यांनी मनापासून स्वागत केले. श्ट्रेझमान यांची दृष्टी नवी होती. कपाटात ठेविलेल्या मृत पक्ष्यांची मापे घेणे एवढ्याने पक्षिशास्त्र पुरे होत नाही. पक्षी जिवंतपणी काय खातो, कोठे राहतो, पिले कशी वाढवितो, ऋतूंप्रमाणे कोठे जातो, हेही पाहिले पाहिजे, असे ते शिकवीत. सलीम अलींनी त्यांना आयुष्यभर गुरू मानिले.

१९३० साली मोठ्या उमेदीने ते मायदेशी परतले. येऊन पाहतात तो पैशाच्या टंचाईमुळे त्यांची वस्तुसंग्रहालयातील जागाच रद्द झालेली! परदेशी जाऊन विद्या मिळविली. आणि आता ती विद्या वापरावयास ठिकाण उरले नाही. मुंबईत राहून खर्च भागणे कठीण झाले. तेव्हा पतिपत्नींनी मुंबई सोडली व खाडीपलीकडे अलिबागजवळील किहीम या समुद्रकाठच्या खेड्यात बिऱ्हाड केले. नारळी-पोफळींच्या छायेत असलेले ते लहानसे गाव होते. दुसरा कोणी असता तर नशिबाला बोल लावीत स्वस्थ बसला असता. परंतु सलीम अलींच्या घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळा सुरू झाला, नरांच्या डोक्यावर पिवळा रंग चढला आणि विणकामाची धांदल उडाली. जणू निसर्गानेच त्यांच्यासाठी एक पाठशाळा उघडली. सलीम अली तासन् तास त्या पाखरांकडे डोळे लावून बसू लागले. कोणता नर कोणते घरटे विणतो, कोणती मादी कोणत्या घरट्यात शिरते, याची नोंद ते दिवसामागून दिवस वहीत करीत राहिले.

हळूहळू कोडे सुटू लागले. नर गवताच्या पात्यांचे लांब धागे चोचीने सोलून आणतो व फांदीला बांधतो. घरटे अर्धे झाले, की ते उलट्या टांगलेल्या टोपीसारखे दिसते. तेवढे विणून झाले म्हणजे माद्या येतात. त्या घरट्यात शिरतात, विणकाम तपासतात, आधार पक्का आहे की नाही ते पाहतात. घरटे पसंत पडले तर मादी त्याचा ताबा घेते. न पडले तर निघून जाते. पसंत पडलेले घरटे नर पुरे करतो, अंड्यांसाठी खोली करतो व खाली नळी विणतो. नापसंत घरटी तशीच अर्धवट लोंबत राहतात. पुढे मादी अंड्यांवर बसली, की नर तिच्या संसारात गुंतून पडत नाही. तो जवळच दुसरे घरटे विणावयास घेतो व दुसऱ्या मादीची वाट पाहतो. अशा रीतीने एकाच पावसाळ्यात एक नर एकामागून एक अनेक बिऱ्हाडे मांडतो. ही गोष्ट पूर्वी कोणी इतक्या स्पष्टपणे पाहिली नव्हती. सलीम अलींनी ती निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली, आणि हिंदुस्थानातील या पक्षितज्ज्ञाकडे जाणकारांचे लक्ष वेधले गेले. नोकरी गेली होती. पण त्या रिकाम्या दिवसांचे त्यांनी सोने केले.

याच सुमाराचा आणखी एक प्रसंग त्यांच्या स्वभावाची ओळख पटवितो. भृंगराज या काळ्या पक्ष्याच्या शेपटीत दोन लांब पिसे असतात व त्यांच्या टोकांना झुबके असतात. ह्यू व्हिसलर नावाच्या प्रसिद्ध इंग्रज पक्षितज्ज्ञाने या पिसांविषयी एक विधान केले. सलीम अलींनी पिसे प्रत्यक्ष निरखून पाहिली होती. पिसाच्या दांडीला पीळ असतो; तो ध्यानात न घेतल्यामुळे जुन्या ग्रंथकारांची चूक झाली व तीच पुढे उतरत आली, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी तसे नम्रपणे कळविले. एका अपरिचित हिंदी माणसाने आपली चूक दाखवावी, याचा व्हिसलर यांना प्रथम राग आला. परंतु ते खरे अभ्यासक होते. त्यांनी पिसे पुन्हा तपासली, तेव्हा सलीम अलींचे म्हणणे खरे ठरले. व्हिसलर यांनी ते मोकळ्या मनाने मान्य केले आणि पुढे ते दोघे जिवलग मित्र झाले. चूक दाखविण्यास धैर्य लागते, तसे ती कबूल करण्यासही लागते.

त्या काळी देशात अनेक संस्थाने होती आणि त्यांतील पुष्कळांच्या पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी झालेली नव्हती. आपला प्रवासखर्च संस्थानाने सोसावा, कामाचा मोबदला मात्र आपणास नको, असे सलीम अलींनी कळविले. पहिली मोठी पाहणी १९३१-३२ साली निजामाच्या हैदराबाद संस्थानात झाली. आजचा सारा मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात मोडत असे. बीड, अंबाजोगाई, घाटनांदूर व परळी हा बालाघाटच्या डोंगररांगेचा मुलूखही त्यातच होता. हैदराबादनंतर त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी एकामागून एक संस्थाने त्यांनी पालथी घातली.

ही पाहणी म्हणजे सहल नव्हती. रस्ते थोडे, वाहने त्याहून थोडी. तंबू, भांडीकुंडी व पेट्या बैलगाडीत घालावयाच्या आणि एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामास निघावयाचे. पहाट फुटण्यापूर्वी उठून रान गाठावे, ऊन चढेपर्यंत पक्षी पाहावेत, त्यांचे आवाज ऐकावेत, घरटी शोधावीत. दुपारी तंबूत बसून नमुने नीट करावेत व दिवसभराच्या नोंदी लिहून काढाव्यात, असा क्रम असे. हिवताप, डास, जळवा, पाण्याची वाण हे सोबती ठरलेलेच. तेहमिनाबाई छावणीची सर्व व्यवस्था पाहात. रानातील मुक्कामालाही त्यांच्यामुळे घराची कळा येई.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. पाहणीत सलीम अलींना काही पक्षी मारावे लागत. त्या वेळी हातात धरून पाहिल्यावाचून पुष्कळ जातींची खात्रीलायक ओळख पटत नसे आणि संग्रहालयातील नमुन्यांवाचून पुढील अभ्यासकांना आधार मिळत नसे. सलीम अलींनी ही गोष्ट कधी लपविली नाही. परंतु हौसेखातर जीव घेणे वेगळे व ज्ञानासाठी आवश्यक तेवढाच नमुना घेणे वेगळे, हा भेद त्यांनी कसोशीने पाळला. मारलेला प्रत्येक पक्षी त्यांच्या वहीत बोलत असे : तो कोठे मिळाला, कोणत्या झाडावर होता, त्याच्या पोटात कोणते किडे वा फळे आढळली. पक्षी पिकांवरील किडे खातात, फुलांचे पराग वाहतात, बिया दूरवर नेऊन रान वाढवितात, हे अशा नोंदींवरूनच लोकांना पटवून देता आले.

१९३९ साली त्यांच्यावर वज्राघात झाला. एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर तेहमिनाबाईंचे निधन झाले. वीस वर्षांची सोबत तुटली. सलीम अली तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. मुंबईस बहीण व मेहुणे यांच्या घरी ते राहू लागले. बहिणीच्या मायेने त्यांना सावरले, आणि दुःख विसरण्यासाठी त्यांनी स्वतःला कामात बुडवून घेतले. दोनच वर्षांनी, १९४१ मध्ये, त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. सोपी भाषा, रंगीत चित्रे आणि अचूक माहिती यांमुळे ते घरोघरी पोहोचले. तोवर पक्ष्यांविषयीचे ग्रंथ पंडितांसाठी असत. हे पुस्तक शाळेतील मुलालाही हाती धरून झाडाखाली उभे राहता येईल असे होते. स्वातंत्र्यलढ्यात कारावास भोगीत असताना पंडित जवाहरलाल नेहरू यांनी हे पुस्तक आपली कन्या इंदिरा हिला पाठविले होते. पुढे पंतप्रधान झालेल्या इंदिराजींच्या पक्षिप्रेमाला त्या पुस्तकाने खतपाणी घातले.

सलीम अलींची पावले थांबली नाहीत. कच्छच्या रणात रोहित पक्ष्यांची प्रचंड वसाहत आहे असे कळताच चिखल व खारे पाणी तुडवीत ते तेथे गेले. लाखो रोहित पक्षी चिखलाच्या उंचवट्यांवर अंडी उबवीत असलेले त्यांनी पाहिले. १९४५ मध्ये पक्षी पाहात पाहात ते कैलास पर्वत व मानससरोवरापर्यंत जाऊन आले. इतर लोक तेथे देवदर्शनास जातात. त्यांची यात्रा पाखरांच्या दर्शनाची होती. १९५० साली स्वीडनमध्ये पक्षितज्ज्ञांचे जागतिक संमेलन भरले. सलीम अलींना मोटारसायकलीचा भारी शौक. त्यांनी मुंबईहून आपली मोटारसायकल बोटीत चढविली आणि युरोपातील रस्त्यांवरून ती चालवीत संमेलनाचे ठिकाण गाठले. वाटेत एक-दोनदा ते पडले, खरचटलेही; वय होते त्रेपन्न. हा गृहस्थ थेट हिंदुस्थानातून मोटारसायकलीवर आला आहे, अशी वार्ता संमेलनात पसरली तेव्हा सर्वांची मोठी करमणूक झाली.

देश स्वतंत्र झाल्यावर त्यांच्यापुढे नवे काम उभे राहिले. ज्या संस्थेने बालपणी त्यांना घडविले, तीच पैशाच्या अडचणीत सापडली. सलीम अलींनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले, साहाय्य मिळविले आणि संस्था सावरली. १९५९ पासून संस्थेने पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाचे वाळे घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. वाळे घातलेला पक्षी दूरदेशी सापडला, की त्याचा मार्ग कळतो. हिवाळ्यात आपल्या तळ्यांवर उतरणारी बदके व पाणपक्षी हजारो कोस दूर असलेल्या थंड प्रदेशांतून हिमालय ओलांडून येतात, याचे पुरावे अशा रीतीने हाती आले.

राजस्थानातील भरतपूरजवळच्या केवलादेव घना या सरोवराची कथा तर प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. तेथे हिवाळ्यात पक्ष्यांचे थवेच्या थवे उतरत. संस्थानिक व त्यांचे पाहुणे तेथे शिकार करीत. १२ नोव्हेंबर १९३८ या एकाच दिवशी, व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या उपस्थितीत, तेथे ४,२७३ पक्षी मारले गेले. योगायोग असा, की त्याच दिवशी सलीम अलींना बेचाळीस वर्षे पूर्ण झाली होती. स्वातंत्र्यानंतर या सरोवरावर दुसरेच संकट आले. सरोवर आटवून ती जमीन शेतीसाठी वाटावी, अशी मागणी झाली. मागणी करणारे शेतकरी काही दुष्ट नव्हते; त्यांना जमिनीची खरोखरच गरज होती. परंतु जमीन अन्यत्रही मिळू शकेल. हजारो कोसांवरून येणाऱ्या पक्ष्यांना असे दुसरे सरोवर कोठून मिळणार, हा सलीम अलींचा प्रश्न होता. त्यांनी तो नेहरूंपर्यंत नेला. सरोवर वाचले. १९५६ मध्ये तेथे पक्ष्यांसाठी अभयारण्य झाले आणि १९८५ मध्ये जागतिक वारसा म्हणून त्याची नोंद झाली. केरळातील सायलेंट व्हॅली हे सदाहरित अरण्य धरणाखाली बुडणार होते. ते वाचविण्यासाठी झालेल्या प्रयत्नांतही वृद्ध सलीम अली आघाडीवर होते. १९८४ मध्ये ते अरण्य राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले.

त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ. भारत व त्याच्या शेजारच्या देशांतील सुमारे बाराशे जातींच्या पक्ष्यांची माहिती त्यात आहे. त्याचा पहिला खंड १९६८ मध्ये निघाला, तेव्हा सलीम अलींनी सत्तरी ओलांडली होती. १९७४ मध्ये दहावा खंड आला. पन्नास वर्षे रानावनांत लिहिलेल्या वह्या त्या ग्रंथात उतरल्या होत्या.

आता मानसन्मान चालत आले. भारत सरकारने १९५८ मध्ये पद्मभूषण व १९७६ मध्ये पद्मविभूषण देऊन त्यांचा गौरव केला. १९६७ मध्ये ब्रिटिश पक्षितज्ज्ञांच्या संघाने त्यांना सुवर्णपदक दिले. ब्रिटिश नसलेल्या व्यक्तीला ते प्रथमच मिळत होते. ज्यांना पदवी नाही म्हणून एके काळी नोकरी मिळाली नव्हती, त्यांना अलीगढ, दिल्ली व आंध्र विद्यापीठांनी सन्मानपूर्वक डॉक्टरेट दिली. वन्यजीवरक्षणासाठी मोठ्या रकमेचे गेटी पारितोषिक मिळाले, तेव्हा ते पैसे त्यांनी स्वतःसाठी न ठेविता निसर्गरक्षणाच्या निधीस दिले. १९८५ मध्ये त्यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली. परंतु त्यांच्या गळ्यातील दुर्बीण व हातातील वही काही सुटली नाही. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबई येथे त्यांनी देह ठेविला.

त्यांच्या नावे पुढे अनेक स्मारके उभी राहिली. गोव्यात चोडण बेटावर त्यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे. कोइमतूरजवळ पक्षिशास्त्राचे संशोधन केंद्र आहे. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरच्या एका तळ्याला सलीम अली सरोवर म्हणतात. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर या काळात पक्षी सप्ताह पाळला जातो. त्याचा पहिला दिवस अरण्यात आयुष्य वेचणारे लेखक मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनाचा, तर शेवटचा सलीम अलींच्या जन्मदिनाचा.

तथापि त्यांचे खरे स्मारक गावोगावच्या विहिरींवर दर पावसाळ्यात नव्याने विणले जाते. बाभळीच्या फांदीवर एखादे अर्धवट घरटे लोंबताना दिसेल. पाहणारा म्हणेल, की पाखराने काम टाकून दिले. परंतु ज्याला सलीम अलींची कथा ठाऊक आहे, तो तेथे क्षणभर थांबेल. मादीने हे घरटे का नाकारले असेल? फांदी कमजोर होती, की विणकाम सैल होते? शेजारचे कोणते घरटे तिने पसंत केले? तो उद्या पुन्हा येईल, परवाही येईल, आणि पाहिलेले वहीत लिहून ठेवील. एके काळी खेतवाडीतील एका पोरक्या मुलानेही एवढेच केले होते. हातातील चिमणी टाकून न देता, ती कोण आहे हे विचारावयास तो निघाला होता.